समजतास

वाचनमापक आल्यानं प्रणाली खवरेचा फायदा होणार होता तो असा: सन्मित्र वाचनालय ‘क’ वर्गातून ‘ब’ वर्गात जाणार आणि तिची तिथली ग्रंथपालाची अर्ध्या दिवसाची नोकरी पूर्ण दिवसाची होणार. रावसाहेब नेजकरांचा फायदा याहून मोठा होता, कारण त्यात पैसा नव्हता. कुरुंदवाडात आपल्याइतकं कोणी वाचत नाही, असं ते सत्तावीस वर्षं स्वतःच सांगत आले होते. आता ते यंत्र सांगणार होतं.

तांदळाच्या दाण्याएवढा तो मापक चष्म्याच्या दांडीवर बसे. कुठकुठल्या वाचनालयांच्या नोंदवह्यांत वारलेली माणसं दर आठवड्याला पुस्तक बदलून नेत असल्याचं उघडकीला आलं, तेव्हा शासनानं नोंदवह्या बाद करून अनुदान ‘समजतासां’वर बांधून टाकलं होतं. समजतास म्हणजे समजून वाचलेला तास. ओळखीच्या मजकुरावरून नजर ठरलेल्या उड्या मारत पुढं जाते. ती अडली, मागं फिरली, डोळ्याची बाहुली रुंदावली, की मेंदू कामाला लागला असं धरायचं. मापक तेवढीच मिनिटं मोजी. नुसतं पान उलटण्याला किंमत शून्य.

रावसाहेबांचा चाळीस वर्षं भुईकाटा होता. उसाचे ट्रॅक्टर त्यांच्या काट्यावर तोलले जात आणि त्यांच्या वजनावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. काटा भाड्यानं दिल्यावर ते वाचनालयाचे अध्यक्ष झाले. त्यांचं मुक्त वाचक मंडळ दर रविवारी सकाळी राजकारणावरची आणि अर्थकारणावरची पुस्तकं स्वातंत्र्यवादी नजरेनं वाचत असे. थोडक्यात, सरकारनं काय काय करू नये, ते. मंडळात बारा जण. अकरा जण माना डोलवायला आणि बारावे हारूण मुजावर भांडायला. हारूणभाई यंत्रमाग कामगारांचे जुने पुढारी. त्यांना मंडळात कुणी बोलावलं नव्हतं आणि घालवायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या महिन्याची यादी फळ्यावर लागली. हारूण मुजावर: एकतीस समजतास. रावसाहेब नेजकर: चाळीस मिनिटं.

“ही काटामारी आहे,” रावसाहेब म्हणाले. “रोज दोन तास वाचलंय मी. आपल्या मंडळाचं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक पुन्हा अख्खं काढलंय.”

“मी बी तेच काढलंय की अण्णा,” हारूणभाई म्हणाले. “मी शिव्या देत वाचलं, तुम्ही माना डोलवत. शिवी द्यायला आधी वाचावं लागतंय.”

रावसाहेबांनी तीन दिवस मापकाची तपासणी केली. पुस्तक उलटं धरून बघितलं: शून्य. नव्या कुकरची माहितीपत्रिका मन लावून वाचली: चार मिनिटं. मग दार लावून हारूणभाईंच्या आवडीचं कामगार चळवळीवरचं एक पुस्तक तासभर वाचलं. त्या तासात त्यांचा रक्तदाब वाढला, तीनदा “खोटं!” असं ते मोठ्यानं ओरडले, आणि मापकानं बावन्न मिनिटं भरली.

रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “काटा खरा आहे. दुसऱ्याच्या मालाचं वजन करून पोट भरलंय मी. खऱ्या काट्याला खोटं म्हणणार नाही.”

तेवढ्यावर ते थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वाचनालय ‘ब’ वर्गात गेल्याचं पत्र आदल्याच दिवशी टपालानं आलं होतं आणि ते त्यांच्या हातात होतं.

“अनुदान दुप्पट झालंय,” ते म्हणाले. “कुणामुळं? सरकारनं लोकांच्या पैशाला हात लावू नये, ही पुस्तकं आपण वाचली म्हणून. आणि हा पैसा कुणाचा? ज्यांनी या दारात पाऊल टाकलं नाही त्यांचा. त्यांना कुणी विचारलं? आजपासून मापक बंद. अनुदान नको. वाचणाऱ्यानं वाचनाचा खर्च द्यावा.”

“मार्क कमी पडले म्हणून परीक्षेवर बहिष्कार काय हो अण्णा?” हारूणभाईंनी विचारलं.

रावसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी उत्तर दिलं. “तसंही असेल. कारण खोटं असलं म्हणून हिशेब चुकत नाही.”

वाचनालयाच्या समितीतल्या सातांपैकी रावसाहेब धरून चौघे मंडळाचेच. चौघांनी अनुदान नाकारल्याच्या पत्रावर सह्या केल्या. टाळ्या झाल्या. तेव्हा कपाटापाशी उभी असलेली प्रणाली पुढं आली.

“आणि माझा पगार?”

“वर्गणीतून देऊ,” रावसाहेब म्हणाले.

“किती जमंल?”

“लोकांना वाचनालयाची गरज वाटली तर देतील.”

“आणि न्हाई वाटली तर?”

रावसाहेबांनी सह्यांच्या पत्राची घडी घातली. “तर गरज नव्हती, असं समजायचं.”

प्रणालीनं लाल पुस्तक स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि पिशवीत टाकलं. तीन वर्षांपूर्वी ती इचलकरंजीत एका सूतगिरणीच्या कचेरीत पूर्ण दिवस कामाला होती. ‘ब’ वर्ग मिळताच पूर्ण वेळ आणि पूर्ण पगार, असं याच समितीनं लेखी दिलं म्हणून ती तिथलं सोडून इथं आली होती. गिरणीतली जागा कधीच भरली गेली होती.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पुस्तकातून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या.

“अण्णा, पान एकशे चौदा वाचा.”

“पाठ आहे मला.”

“म्हणून तर म्हणते, वाचा.”

कुणीतरी हसलं. रावसाहेबांनी चष्मा सारखा केला. त्या पानावर तीन वेळा खुणा केलेल्या होत्या, लाल शाईनं, निळ्या शाईनं आणि पेन्सिलीनं, आणि तिन्ही त्यांच्याच हातच्या. ते मोठ्यानं वाचू लागले. “‘दोघांनी राजीखुशीनं केलेला करार जो मोडतो, तो कितीही चांगल्या हेतूनं मोडो, दुसऱ्याच्या...’”

ते अडले. मागच्या ओळीवर गेले. पुन्हा पुढं आले.

“‘...दुसऱ्याच्या खिशात हात घालतो,’” प्रणालीनं वाक्य पुरं केलं. “सरकारनं न विचारता घेतलं तर तुम्ही त्याला लूट म्हणता. माझं तुम्ही घेतलंत. मला कुणी विचारलं?”

“मापक लागत न्हाई,” हारूणभाई शेजारच्याला म्हणाले. “इथनं दिसतंय. अडलंय.”

“तुला काय पाहिजे, पोरी?” रावसाहेबांनी विचारलं.

“वर्षभराचा पूर्ण पगार. वर्गणीतून नको, सह्या केलेल्या चौघांच्या खिशातून. वर्ष संपलं की नवा करार बोलू. मी कुणाच्या उपकारावर कामाला नाही. माझे तास मी विकते. घ्यायचे असतील तर ही किंमत. नसतील तर ही किल्ली.”

किल्ली टेबलावर पडली. बाकीच्या तिघांना एकाएकी आठवलं, की नकाराचं पत्र मागं घ्यायला तीस दिवसांची मुदत असते. “अण्णा, घेऊया की मागं. तत्त्व ते तत्त्व, पण व्यवहार बघायला नको?”

रावसाहेबांनी त्या पानावरच्या तिन्ही खुणांवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षांत काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी त्यांना हजार सवलती मागितल्या होत्या आणि त्यांनी एक किलोचीही दिली नव्हती.

“पत्र मागं जाणार नाही,” ते म्हणाले. “आणि हिचंही खरं आहे. तुम्हाला जमत नसेल तर तिघांचं मी भरतो. प्रणाली, कागद आण.”

“आधी वाचून सही करा,” ती म्हणाली.

त्यांनी वाचला. दोनदा.

वर्ष सरल्यावरचा हिशेब असा. रावसाहेबांनी भुईकाट्याचं बारा महिन्यांचं भाडं प्रणालीच्या पगारात घातलं. सह्या करणाऱ्या तिघांनी काही दिलं नाही. ते मंडळ सोडून गेले, आणि स्वेच्छेनं गेले, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. दोनशे बारा सभासदांपैकी अठ्ठावन्नांनी वर्गणी भरली. पहिली पावती हारूणभाईंची: “पुस्तकाला देत न्हाई बरं का. भांडायला छप्पर लागतंय.” नव्या कराराच्या वेळी प्रणालीनं तास थोडे कमी केले आणि दर थोडा वाढवला. समितीनं घासाघीस करून मान्य केलं.

नाकारलेलं अनुदान लोकांकडं परत गेलं नाही. ते शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाला मिळालं. चिडून वाचलं की समजतास जास्त भरतात, हे तिथल्या चालकांच्या लवकर लक्षात आलं होतं. त्यांनी रोजंदारीवर वाचक नेमले. कट्टर शाकाहाऱ्यांना मटणाच्या पाककृती दिल्या, सासवांना सुनांची आत्मचरित्रं दिली, आणि वाचनालय ‘अ’ वर्गात नेलं. कुरुंदवाडच्या लोकांचा कर एका पैशानं कमी झाला नाही. म्हणजे त्या अठ्ठावन्न जणांनी दोनदा पैसे मोजले. एकदा सक्तीनं, शेजारच्या गावच्या रागासाठी. एकदा राजीखुशीनं, आपल्या वाचनासाठी.

एक रकाना मात्र कोराच राहिला. सन्मित्रमध्ये त्या वर्षी कुणी किती समजून वाचलं, याची नोंद कुठंच नाही. मापक बंद होते. रावसाहेब लाल पुस्तक घेऊन रोज दोन तास बसत, पूर्वीसारखेच. पूर्वी त्या वेळात चाळीस पानं होत. आता सहा होतात, कधी चार.

दोनदा पैसे मोजून राखलेल्या वाचनालयातलं ते पुस्तक त्यांना एकदा तरी समजत असेल का, आणि समजत असेल, तर ते सांगणाऱ्या काट्यासाठी पैसे कुणी भरायचे?