हाकेला ओ

आम्ही खरं तर कोकणात जाणार होतो. एखाद्या शांत किनाऱ्यावर सात दिवस राहायचं, कुरव पक्ष्यांचे फोटो काढायचे, दुपारी झोपायचं, असा बेत होता. माझ्या मैत्रिणीची, रुचिकाची सुट्टी कंपनीने सातावरून चार दिवसांवर आणली. कारंजाहून कोकणात जाण्यायेण्यातच त्यातले तीन गेले असते. मग ती म्हणाली, "चाल, आपला वाशीमचा समुद्र पाहू," आणि आम्ही किन्हीराजाच्या पुढच्या एका धरणावर गेलो.

समुद्र म्हणण्याइतकं पाणी होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी पलीकडचा काठ दिसत नसे. वारा सुटला की लहान लाटा येऊन काळ्या गाळावर फेसाची रेघ ठेवून जात. शिंपलेही होते. रुचिकाने ते पिशवीत भरले आणि पुण्यात ऑफिसमधल्यांना कोकणातले म्हणून वाटणार असल्याचं जाहीर केलं.

तिची सुट्टी होती, माझं काम होतं. अमरावतीहून प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून मला घरी बसून दीड वर्ष झालं होतं. स्थलांतरित पक्ष्यांच्या एका प्रकल्पात सहायकाची एक जागा निघाली होती. एकच. अर्जासोबत, गळ्यात क्रमांकाचा पट्टा असलेल्या पक्ष्याची स्वतः केलेली नोंद जोडायची होती, क्रमांक वाचता येईल अशा फोटोसह. मुदत एकतीस डिसेंबर. आणि या धरणावर पट्टकादंबांचा थवा उतरला होता. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले हे रानहंस हिमालय ओलांडून येतात. त्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा असल्याचं तिथल्या एका शिक्षकाने मला कळवलं होतं.

आम्ही पुंजाजीकाकांच्या वाडीवर उतरलो. त्यांची वांगी, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर धरणाच्या उताराला लागूनच होतं. रुचिकाचे वडील कारंजात धान्याचे व्यापारी, त्यांची जुनी ओळख. काका आणि कस्तुराकाकू दोघंच राहायचे. मुलगा धीरज अकोल्याला होता. रुचिका जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी. काकू तिच्यासाठी कांदा न घालता वेगळी भाजी करत आणि वर टोमणाही मारत.

"कोंबड्याच्या वख्ती जेवते ही पोरगी. सासरी कसं होईन वो तुयं?"

"सासरचे बी जैनच पाहीन ना काकू," रुचिका म्हणाली. "समदे संगंच उपाशी."

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघींच्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली. हे मी नेहमी करते. दोन कॅमेऱ्यांतले फोटो पुढे एका क्रमात लावायचे तर वेळ सेकंदापर्यंत सारखी हवी. आम्ही बांधावर बसून हे करत होतो, तेव्हा काकू आल्या आणि पाण्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"धीरजच्या बाबा!"

खाली मेथीला पाणी देणारे काका म्हणाले, "आलो!"

मग त्या आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "रुचिका!"

रुचिका हसली. "इथंच तर आहो."

"आली म्हण."

"आली."

"सुचिता!"

"आली," मी म्हणाले. त्यानंतरच काकू वळल्या आणि घराकडे चालू लागल्या.

पाण्याकडे जितकी माणसं उतरली, तितक्यांना बांधावरून नावाने हाक मारायची आणि प्रत्येकाने ओ द्यायची, अशी त्यांची रीत होती. काहून, असं मी विचारलं.

"माई सासू हाका मारे," काकू म्हणाल्या.

"पण त्या कायले मारत?"

मागून येणाऱ्या काकांनी उत्तर दिलं. "ज्याचं नाव, त्यानंच ओ द्याव. बस, इतकंच हाय." आणि ते वांग्याच्या भावाबद्दल बोलायला लागले.

मी ते वहीत लिहून घेतलं. बुडण्याच्या अपघातांवरची साधी खबरदारी, असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला थवा हरभऱ्याच्या शेतांतून चरून परतला. एकशे बारा पक्षी. हिरवा पट्टा दिसला, पण ते आमच्यापासून दीडशे मीटरवर थांबले. माझ्या लेन्सला तीस मीटरच्या आतला पक्षीच हवा होता. आम्ही दोन पावलं पुढे टाकली की सगळ्या माना एकदम वर होत.

दुपारी पाण्याच्या कडेला लपण बांधलं. बाभळीचे चार दांडे, भोवती कापसाच्या पऱ्हाट्या, वर काकूंचं जुनं मातकट लुगडं, समोर लेन्सपुरतं भोक. पक्षी पाहणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: दोघांनी मिळून लपणात जायचं आणि एकाने बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस गेला एवढं त्यांना कळतं आणि ते निर्धास्त जवळ येतात.

संध्याकाळी आम्ही ते करून पाहिलं. दोघी आत गेलो, रुचिका एकटी बाहेर पडली. पट्टकादंबं जागची हलली नाहीत. मग काकांना सोबत घेतलं. तिघं आत, दोघं बाहेर. तरी नाही. शंभरावर माना लपणाकडे वळलेल्या, अगदी स्थिर. मी पाऊण तास त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे.

"तुया पाखराईले गणित येते," रुचिका म्हणाली. "बारावीत तुले आलं नाई, त्याईले येते."

तिसरा दिवस तीस तारखेचा. पहाटेची थंडी इतकी होती की बोटांना कॅमेऱ्याचं बटण जाणवत नव्हतं. थवा पाण्यात, साठेक मीटरवर होता. आम्ही वाकून लपणात शिरलो. सात पस्तीसला मी रुचिकाला जायची खूण केली. तिने डब्यातली काजूकतली माझ्या तोंडात कोंबली आणि बाहेर पडली.

पऱ्हाट्यांच्या फटीतून मला बांध दिसत होता. वर काकू उभ्या होत्या. त्या रुचिकाला काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून. रुचिका मान हलवत होती. मग ती वळली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"सुचिताऽ!"

त्या क्षणी थव्याची पुढची रांग माझ्या दिशेने सरकायला लागली होती. पन्नास मीटर. हिरवा पट्टा दुसऱ्या रांगेत होता. मी ओ दिली असती तर सगळं उधळलं असतं.

"सुचिताऽ!"

मी ओठ मिटून घेतले. काजूकतली अजून तोंडातच होती.

"आली वो!"

आवाज लपणाच्या बाहेरून आला, डाव्या बाजूने, पाण्याच्या कडेवरून. वैतागलेला, घाईतला. मी तो ओळखला. आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की जितका ओळखीचा आणि जितका परका वाटतो, तितकाच.

मी डावीकडे पाहिलं नाही. तिकडे फट नव्हती. ती करायला हात वर न्यावा लागला असता.

चिखलात पावलं वाजली. दूर गेली.

पट्टकादंबं पाण्याबाहेर आली.

ती माझ्याकडेच आली. वीस मीटर. दहा. एकाने लपणाच्या पऱ्हाटीवर चोच घासली. त्यांच्या पायांचा ओला आवाज येत होता, श्वासाचाही. मी बटण दाबत राहिले. ते जोरात वाजत होतं. एकाही पक्ष्याने मान वर केली नाही.

हिरवा पट्टा चार मीटरवर आला आणि पूर्ण वळला. एच ४७. मी ते वाचलं. आनंद होईल म्हणून थांबले. झाला नाही. बोटांसारखंच बधिर होतं सगळं.

दहा वाजता थवा उडाला आणि मी वर आले. चुलीजवळ तीन ताटं होती. रुचिकाने माझ्याकडे पाहिलं.

"इतक्यात कॅमेरा बी घेऊन आली?"

"इतक्यात म्हणजे?"

"हात धुवाले गेलती ना आता."

मी म्हटलं की मी आत्ता, लपणातून सरळ येते आहे. ती हसली, मग थांबली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, तिने दुसरी हाक मारल्यावर मी ओ दिली आणि तिच्या मागोमाग बांधावर आले. पक्षी येत नाहीत तर जाऊ दे, असं म्हणाले. मग आम्ही दोघी वाडीत फिरलो, उन्हात बसलो. मी पुण्यात तिच्याकडे राहायला येण्याबद्दलही बोलले. नंतर भाकर खायला बसलो आणि अर्धी टाकून मी उठले.

तिसऱ्या ताटात अर्धी भाकर होती. कडा खाल्लेल्या, मधला भाग ठेवलेला. मी लहानपणापासून तशीच खाते.

"मजाक करून राह्यली ना तू?" रुचिका म्हणाली. "सुचे, नको ना करू."

काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

मी दोन्ही कॅमेरे मांडीवर घेतले. रुचिकाने सकाळी बांधावर फोटो काढले होते. त्यातल्या एकात माझी पाठ होती. माझं निळं जॅकेट, उजव्या खांद्यावरची उसवलेली शिवण, चपलांना चिखल. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा नव्हता. वेळ सात बेचाळीस आणि दहा सेकंद. माझ्या कॅमेऱ्यात त्याच सेकंदाला पहिलं पट्टकादंब पाण्याबाहेर पाय ठेवत होतं.

आम्ही घड्याळं शेजारी धरून पाहिली. सेकंदाचाही फरक नव्हता. मी सगळ्या शक्यता वहीत लिहिल्या आणि एकेक खोडली. शेवटी कागदावर काही उरलं नाही.

"पाखराईले मोजता येते म्हणालो होतो ना आपण," रुचिका हळूच म्हणाली. "दोघी आत गेल्या, दोघी बाहेर आल्या. म्हणून आले ते."

त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली, पण बोलताना एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराकडे पाहायची.

संध्याकाळी आम्ही चौघं बांधावर गेलो. काकूंनी हाका मारल्या. काकांनी ओ दिली. रुचिकाने दिली.

"सुचिता!"

"आली," मी म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

काकू पाण्याकडे पाहत राहिल्या. "सुचिता!"

"आली ना काकू."

"सुचिता वो!"

मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग डोळे खाली केले. "हाव, बाई. आली." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्या फडक्यात एक भाकर बांधून लपणाकडे चालल्या होत्या. लपण मोडू का, असं काकांनी विचारलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

धरणाजवळच्या मालेगावहून एस. टी.ने आम्ही कारंजाला पोचलो. स्टँडवर ज्वारीचं पोतं फुटलं होतं आणि कबुतरं दाणे टिपत होती. रुचिका पुढे होती. ती जवळ जाताच सगळी फडफडून उडाली. लगेच पुन्हा खाली बसली. मी त्यांच्यामधून चालत गेले. एक माझ्या चपलेवरून चालत गेलं. रुचिकाने मागे वळून ते पाहिलं. ऑटोत ती माझ्याशेजारी बसली नाही, समोरच्या फळीवर बसली.

अर्ज वेळेत गेला. फेब्रुवारीत पत्र आलं: जागा मला मिळाली. फोटोंचं फार कौतुक केलं होतं. इतक्या जवळून, पक्षी इतके निर्धास्त असलेले फोटो त्यांनी पाहिले नव्हते. आईने पेढे वाटले. रुचिकाला मी फोन केला. ती म्हणाली, "हाव, सांगितलं ना तू सकाळीच." मी सकाळी फोन केला नव्हता. मी तिला तसं म्हटलं नाही.

हल्ली हाक आली की मी ताबडतोब ओ देते. मोठ्याने, हातातलं टाकून. बस कंडक्टरने कोणालाही हाक मारली तरी माझ्या तोंडून "आली" निघतं.

हे मी गच्चीवर बसून लिहिते आहे. उद्या रुजू व्हायचं आहे. सकाळचे साडेनऊ झालेत. कठड्यावर एक साळुंकी आहे, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मघाशी मी तिच्या पाठीवर बोट ठेवलं. ती पंख साफ करत राहिली.

आत्ता खालून आईने हाक मारली. "सुचिता!"

"आली!" मी ओरडले.

"सुचिता, जेवाले ये वो!"

"आली, आई!"

आईने तिसरी हाक मारली नाही. ताट ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मी वही हातात घेऊनच उठले आणि जिन्याच्या तोंडाशी गेले. तिथून तिचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अर्धी भाकर टाकून कुठं चालली? बरं, हात धुवून ये मंग."

खाली मोरीत नळ सुरू झाला.