बिनगोळीचा इलाज

मिरजेच्या मेंदू संशोधन केंद्रातल्या पडद्यावर दोन रेषा एकमेकींना बिलगून धावत होत्या. एक श्रीपाल मगदूमची, दुसरी त्याच्या लेकीची, ऋजुताची.

"लयमणी चपखल बसला," डॉ. शहनाज मुजावर म्हणाल्या. "हिचं मन कधी आभाळाला टेकतं, कधी विहिरीचा तळ गाठतं, कारण मेंदूची लय सुटते. कानामागचा हा मणी रक्ताच्या माणसाची लय क्षणोक्षणी ऐकतो आणि हिच्या मेंदूला त्याच तालावर धरून ठेवतो. औषधाचा थेंबही नको."

ऋजुताच्या आईला, त्रिशलाला, रडूच कोसळलं. गोळ्यांनी पोरीचे केलेले हाल तिनंच पाहिले होते. हात थरथरायचे, अंग सुजायचं, पोर भिंतीकडे तोंड करून बसायची. गोळी बदल, मात्रा बदल, पुन्हा पहिल्यापासून. मण्यासाठी आधी आईची लय लावून पाहिली, ती काही जुळेना. बापाची मात्र पहिल्या झटक्यात जुळली. शेवटी बापाच्याच वळणावर गेली, असं ती डोळे पुसत म्हणाली.

का जुळली ते श्रीपालला पक्कं ठाऊक होतं. लग्नाआधीपासून तो स्वतःच याच दुखण्यावरची लिथियमची गोळी घेत होता, बेळगावच्या डॉक्टरांकडून, पित्ताची म्हणून. केंद्रात चालू औषधं विचारली तेव्हाही त्यानं पित्तच सांगितलं होतं. घराण्यात वेड आहे असं एकदा चारचौघांत झालं की सोयरिकी संपल्या, हे आईनं त्याच्या मनावर लहानपणीच बिंबवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि मूठ झाकलेलीच बरी, असंच सगळं घडत गेलं. ऋजुता शाळेत जाऊ लागली, जेवताना बापाशी वाद घालू लागली, रात्रभर झोपू लागली. त्रिशला ज्याला त्याला सांगे, माझी पोर बिनगोळीची बरी झाली. खरं तर गोळी चालूच होती. जात होती बापाच्या पोटात, गुण येत होता लेकीला. श्रीपालला हा व्यवहार मनापासून आवडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या गोळीची लाज वाटेनाशी झाली.

मग बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं, मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, गोळी बंद करा. बंद केली तर त्याची लय सुटणार आणि त्याच्या मागोमाग पोरीची. मणी काढला तर ती जिथून आली तिथेच परत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो गुपचूप घेत राहिला. शेवटी पायांची सूज पाहून त्रिशलानंच त्याला मुजावरांपुढे नेऊन बसवलं. रक्त तपासलं गेलं आणि लिथियम सापडलं.

त्यानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर चिडतील असं त्याला वाटलं होतं. त्या नुसत्या खचून बसल्या.

"मणी ज्या ज्या मुलांना लागू पडला, त्यांच्या आईबापांना मी पुन्हा तपासतेय," त्या म्हणाल्या. "प्रत्येक घरात कुणीतरी चोरून गोळी घेणारं निघालं. निघणारच होतं. या मुलांशी लय जुळणार ती याच दुखण्याच्या माणसाची, आणि ती स्थिर असायची तर तो माणूस औषधावर हवा. यंत्रानं नेमकी अशीच माणसं वेचली, आणि आम्ही त्याला बिनऔषधाचा शोध म्हणत बसलो."

श्रीपालनं विचारलं, आता पोरीचं काय. डॉक्टरांनी सांगितलं, मणी काढायचा आणि तिला तिची स्वतःची गोळी पुन्हा सुरू करायची. मात्रा जमेपर्यंत काही महिने जातील, चढउतार होतील, डोळ्यांत तेल घालून जपावं लागेल. श्रीपालची गोळी मात्र आजच थांबायला हवी. दुसरं औषध लागू पडेपर्यंत त्याचीही लय सुटणारच.

त्रिशला इतका वेळ नवऱ्याकडे बघतच नव्हती. एवढ्या वर्षांचा संसार आपण कुणाबरोबर केला, हे ती आता विचारणार, असं त्याला वाटलं. वाटेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "मार्चमध्ये तिची दहावी आहे. तेवढी होऊ द्या. तोवर घ्या ना गोळी."

डॉक्टर ताडकन उठल्या. मार्चपर्यंत यांची मूत्रपिंडं राहणार नाहीत, त्यांनी बजावलं. त्रिशलानं ऐकलं की नाही कोण जाणे. ती पिशवीतून पाण्याची बाटली काढून झाकण उघडत होती. श्रीपालनं खिशात हात घातला.