झाकणाच्या आतली अक्षरं

सर्जापूर रोडच्या पंपावर माझ्या स्कूटरच्या पुढे एक रुपेरी गाडी उभी होती. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, नुसती बघितली तरी वेगानं निघाल्यासारखी वाटणारी. पंपावरच्या माणसानं तिच्या टाकीचं बाहेरचं झाकण जरा जोरात ओढलं आणि ते बिजागरीसकट त्याच्या हातात आलं.

आता आरडाओरडा होणार, असं मला वाटलं. असल्या गाड्यांचे मालक मी पुष्कळ पाहिलेत; जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे, माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सुरू केलेलं, आता मीही चालवते. पण गाडीतून एक मुलगा उतरला. त्यानं झाकण हातात घेतलं, त्यावर पडलेले पावसाचे थेंब शर्टाच्या बाहीनं टिपले आणि तो तसाच उभा राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले तरी हलेना.

शेवटी मीच पुढे झाले. कन्नडमध्ये त्याला समजावलं की टाकीचं आतलं बूच शाबूत आहे, घाबरायचं कारण नाही, फक्त उघड्या खळग्यात पाणी साचता कामा नये. माझ्या डिकीत चिकटपट्टी असतेच. ती लावता लावता तोंडून घरची भाषा निघून गेली, "स्वल्प धरा की इथं."

त्यानं चमकून पाहिलं. "तुम्ही मराठी? इथं कधी आलात?"

"आमच्या घराण्याला साडेतीनशे वर्षं झाली," मी म्हटलं. "तुम्ही?"

"मला चार," तो म्हणाला, आणि इतका वेळ ताणलेला त्याचा चेहरा जरासा सैल झाला. तो निपाणीचा होता. नाव अजिंक्य. जवळच्याच एका कंपनीत कामाला. मी माझं नाव, चंदना, आणि गॅरेजचा पत्ता सांगितला. गिऱ्हाईक मिळालं म्हणून मी खूश झाले, असं त्या दिवशी मी स्वतःला बजावलं.

शनिवारी तो आला. त्या गाडीचं उत्पादन बंद झालेलं, त्यामुळे कंपनीचं झाकण मिळायची आशा नव्हती. बाहेरच्या बनावटीची तीन झाकणं त्यानं फोनवर शोधून ठेवली होती. पहिलं आरशासारखं चकचकीत, वरून चिकटवायचं. मी म्हटलं, दोनदा गाडी धुतलीत की हे गळून पडेल. दुसऱ्याला कुलूप होतं. किल्ली हरवली तर पंपावर ताटकळत उभे राहाल, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "मागच्या वेळी ताटकळलो, ते काही वाईट झालं नाही."

मी ऐकलंच नाही, असं दाखवलं. पण कान गरम झाले ते झालेच.

तिसरं साधं होतं. ॲल्युमिनियमचं, सहा बोल्टांचं, न चमकणारं. मी बिजागरी पाहिली. ती पुढच्या अंगाला होती. झाकण चुकून उघडं राहिलं तरी वाऱ्यानं मिटतं, म्हणून ती तिथंच हवी. खळग्यातलं पाणी निघून जायला भोकही होतं. अडचण एकच. ते सपाट पत्र्यासाठी बनवलेलं, आणि ह्या गाडीची कूस गोल. मधे बसवायला एक कडं आमच्या लेथवर कातून करावं लागणार होतं आणि त्याच्या गोलाईसाठी जुनं झाकण माझ्याजवळ ठेवून घ्यावं लागणार होतं.

इथं तो पहिल्यांदा अडखळला. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं झाकण काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "काम झालं की... हे मला परत पाहिजे."

जुने भाग आम्ही सगळ्यांनाच परत देतो, असं मी सांगितलं. त्याहून जास्त काही मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्या गॅरेजात कामाला घेतलेली वस्तू आधी पुसतात. अप्पांची ही शिस्त इतकी अंगात मुरलीय की चहाचा कप हातात आला तरी मी तो आधी फडक्यानं पुसते. तो गेल्यावर मी रुमाल सोडला. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या मार्करनं लिहिलेलं होतं: 'पुढे ३०, मागे ३२. थंड असताना बघ, माठ्या.' चाकांतल्या हवेचे आकडे. आमची निम्मी गिऱ्हाइकं ते तिथंच लिहून ठेवतात. 'माठ्या' वाचून मला हसू आलं. कुणीतरी मित्रानं गंमत केली असेल. नव्या झाकणावर पुन्हा लिहून देता यावेत म्हणून मी आकडे वहीत उतरवले आणि थिनरच्या फडक्यानं झाकण लख्ख पुसलं.

नवं झाकण परदेशातून यायला महिना लागणार होता. तसं मी त्याला सांगितलंही होतं. तरी तो दर शनिवारी 'आलं का?' म्हणून विचारायला यायचा. फोन नावाची वस्तू त्याच्या खिशात होती, पण ती आठवण मी त्याला करून दिली नाही. कोपऱ्यावरून दोन कॉफ्या आणायचा. मी कानशीनं कडं घासत बसायची आणि तो समोरच्या टायरवर बसून माझं मराठी ऐकायचा. 'बरं'च्या जागी येणारी माझी कानडी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी येणारी 'स्वल्प' मोजायचा. मी म्हणायची, तुमच्या निपाणीत सगळेच भांडल्यासारखं बोलतात का? तो म्हणायचा, भांडत नाही हो, आमचा लाडच तसला असतोय. एकदा कड्याची धार माझ्या अंगठ्याला लागली. त्यानं रुमाल पुढे केला, झाकणाचा, मी मागेच परत केलेला तोच रुमाल, आणि ह्या वेळी मी तो परत द्यायला विसरले.

अप्पा लांबून बघायचे. एका शनिवारी म्हणाले, "ह्या गाडीचं तोंड बांधून ठेवलंयस, पण तिच्या मालकाचं सुटत चाललंय."

तिसऱ्या शनिवारी तो अर्धा तास उशिरा आला. त्या अर्ध्या तासात मी एकच बोल्ट चार वेळा घातला आणि काढला. आपण ह्या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे मला तेव्हा कळलं. आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

त्याच दुपारी त्यानं मला विराटबद्दल सांगितलं.

विराट त्याचा मोठा भाऊ. गाडी त्याची. नोकरीची पहिली पाच वर्षं पोटाला चिमटा काढून त्यानं ती जुनी विकत घेतली होती. मग त्याला रक्ताचा आजार झाला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटचं हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तो हट्टानं खाली पार्किंगमध्ये आला, स्टुलावर बसला आणि अजिंक्यला गाडीचं सगळं समजावून सांगितलं.

"झाकणाच्या आत लिहून ठेवलंय त्यानं, हवेचं," अजिंक्य म्हणाला. "मला कधीच लक्षात राहायचं नाही ना. त्यानंतर हातात पेन धरायची ताकदच राहिली नाही. ते शेवटचं."

आईला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. 'दारात आणू नको' असं तिनं निक्षून सांगितलेलं, म्हणून तो निपाणीला बसनं जायचा. हे सगळं तो सांगत होता आणि मी हातातल्या कड्याकडे बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "कॉफी थंड होतेय."

संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले की मुद्दाम केलं नाहीस, विचारलं तर बघू; आणि फारच वाटत असेल तर तसंच पुन्हा लिहून टाक. आपल्या लेकीला कुणी टाकून जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांना दोष देत नाही.

कारण मलाही तेच सुचलं होतं. शाळेत असल्यापासून मी नंबरप्लेटा रंगवतेय. एकदा पाहिलेलं अक्षर माझ्या हातात उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा मार्कर घेऊन पत्र्याच्या तुकड्यावर बसले. तिशीतला मोठ्या पोटाचा तीन, उजवीकडे कललेला ठ. चौथ्या खेपेला जमलं. मग झाकणावर लिहिलं, वर बोटानं थोडी धूळ चोळली. हुबेहूब. कुणालाही कळलं नसतं.

आणि मग मला दिसलं, की तो हे झाकण कपाटात जपून ठेवेल. विराटची आठवण आली की काढेल, अक्षरांवरून बोट फिरवेल. ती अक्षरं माझी असतील. मी शेजारी उभी असेन आणि काही बोलणार नाही.

मी थिनर घेतलं आणि झाकण दुसऱ्यांदा पुसलं. पहिल्यांदा न कळत पुसलं होतं. ह्या वेळी काय करतेय हे माहीत होतं, आणि मी रडत होते.

पुढच्या शनिवारी नवं झाकण आलं आणि तोही आला. त्यानं कॉफी ठेवायच्या आधीच मी सांगून टाकलं. उभ्याउभ्याच.

"कधी पुसलंत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दिलंत त्याच दिवशी."

"म्हणजे मी सांगत होतो तेव्हा..."

"तेव्हा तिथं काही नव्हतं. मी गप्प राहिले."

त्यानं झाकण उचललं, उलटं केलं, उजेडात तिरपं धरून पाहिलं. मग ते तसंच टेबलावर ठेवून, पट्टी लावलेली गाडी घेऊन तो निघून गेला. दोन्ही कॉफ्या तिथंच राहिल्या.

पुढचा शनिवार गेला. त्याच्या पुढचाही. मी फोन केला नाही. चूक माझी, तिची माफी कधी मिळावी, हे मी कसं ठरवणार? कामं उरकत राहिले. गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला की मान वर व्हायची, आणि मी ती पुन्हा कामात घालायची. इतकं साधं दुःख इतकं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, तो दारात उभा. डोळे जागरणानं लाल झालेले. "झाकण बसवता?" एवढंच म्हणाला.

मी पट्टी काढली, खळगा पुसला, भोकात तार घालून पाणी जातंय ना ते पाहिलं. रबराची चकती बसवली, त्यावर माझं कडं. ते गाडीच्या कुशीला असं चपखल बसलं की मध्ये नखही शिरेना. मग झाकण. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे असतात, म्हणजे ओढ एकीकडे पडत नाही. तो बॅटरी धरून शेजारी उकिडवा बसला होता. चौथ्या बोल्टाला बोलला.

"तुमचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. दोन वर्षं दर वेळी पेट्रोल भरताना ती अक्षरं बघायचो आणि दिवसभर श्वास घेता यायचा नाही. तुम्ही पुसलं म्हणालात, आणि मला हलकं वाटलं. भावाचं शेवटचं अक्षर गेलं आणि मला हलकं वाटलं! त्या लाजेनं तोंड दाखवलं नाही मी तुम्हाला."

मी पाना खाली ठेवला. इथं गप्प राहिले असते तर सगळं गोड झालं असतं. पण एक गोष्ट उरली होती. "मी ते पुन्हा लिहिलं होतं," मी सांगितलं. "तुम्हाला फसवायला. हुबेहूब जमलं होतं."

त्यानं बॅटरी खाली केली. "मग?"

"पुसलं. तुम्ही माझ्या अक्षरांना विराट समजून हात लावला असता. ते मला आयुष्यभर बघवलं नसतं."

"आयुष्यभर?" त्यानं हळूच विचारलं.

आवळून झालेला बोल्ट मी पुन्हा आवळायला घेतला.

मग त्यानं सांगितलं की तो निपाणीला गेला होता. आईजवळ सगळं बोलला. 'त्या पोरीनं आपणहून सांगितलं तुला?' तिनं दोनदा विचारलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा विराटचं नाव घेऊन रडली. रात्रभर दोघं त्याच्याबद्दल बोलत बसली. तो माठ्या कसा म्हणायचा, आईला काय म्हणायचा, सगळं. झाकणावर होतं त्याहून कितीतरी जास्त त्यांच्याजवळ होतं, आणि ते त्यांनी उघडलंच नव्हतं.

"काल संध्याकाळी निघताना आई म्हणाली," तो थांबला, बॅटरी बंद केली, "गाडी दारात घेऊन ये. आणि त्या पोरीलाबी घेऊन ये."

पाऊस नव्हता, वारा नव्हता. गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आत अप्पांची कानस मघापासून थांबली होती.

"नवे बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला लागतात," मी म्हटलं. "निपाणीच्या वाटेवर, तुमकूरच्या पुढे कुठंतरी."

"मला नाही जमायचं ते."

"म्हणून मी येते."

तो हसला, पण डोळे भरलेले. ह्या माणसाशी ह्यापुढे अर्धवट काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून ग्रीसनं काळा झालेला हात तसाच त्याच्या हातावर ठेवला.

"बोल्टांसाठी नाही, अजिंक्य. तुमच्यासाठी येते."