दोन सीटांची बोट

तुम्ही पोरं घरी टीव्हीला जोडून जी स्पीडबोटची शर्यत खेळता ना, तिचं मोठं मशीनही असतं. दोन सीटा, दोन स्टिअरिंगं. असली मशीनं दुरुस्त करणारा बेळगावच्या शहापूरचा नागेंद्र माझ्या चांगल्या ओळखीचा. गोष्ट त्याची आहे आणि खरी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. निपाणीत वर्धमान अण्णांच्या गेम पार्लरमध्ये बेळगावजवळच्या मच्छे गावाहून जुनं मशीन आलं होतं. मच्छेत याच मशीनवर मष्णू नावाचा कामगार उजव्या सीटवरून शर्यत जिंकत आला होता. शेजारच्या, डाव्या सीटवरच्या गड्याला ते सोसलं नाही. त्याने मष्णूचं तोंड स्टिअरिंगवर आपटून आपटून दात पाडले आणि त्याला जागीच मारलं. शर्यत अर्धी राहिली. नागेंद्रला हे ठाऊक होतं. पण त्याचं पोट हातावर, उजव्या हातावर सगळं घर चाललेलं.

"तुमी जावा अण्णा, शटर मी वडतो," तो म्हणाला. अण्णा गेले.

अशा मशीनची रीत ठरलेली. दोन सीटा एकाच शर्यतीत जोडणारी वायर काढायची, एकेक सीट वेगळी तपासायची. नागेंद्रला नऊची बेळगाव गाडी गाठायची होती. त्याने वायर तशीच ठेवली, डाव्या सीटवर बसला आणि शर्यत सुरू केली.

सव्वाआठ वाजले होते. शेजारची बोट आपोआप सुटली.

"वायरिंग गेलंय वाटतं," तो पुटपुटला.

ती बोट मागे वळली. सरळ त्याच्यावर आली. धडक. स्टिअरिंगने हिसका दिला, करंगळी मोडली. त्याने उजवा हात ओढला... सुटेना. मनगटावर काहीतरी गार दाबून बसलं होतं.

शेजारची सीट करकरली.

धडक. मनगटाचं हाड कातडीबाहेर आलं. मान मागून धरली गेली. कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. एकदा... दोनदा...

"म्या त्यो न्हवं रं, मष्णू... मशीन नीट कराय आलतो..."



पुन्हा कपाळ.

डोळ्यांत रक्त उतरलं. पडद्यावर शेवटची फेरी. नागेंद्रने डाव्या हाताने वेगाचा दांडा मागे ओढला.

"जा... तू फुडं जा."

शेजारची बोट रेषेपार गेली. पकड सुटली.

नागेंद्रचा जीव वाचला, हात कोपरापासून काढावा लागला. आज त्याची बायको राजश्री मशीनं खोलते. तो शेजारी बसून कुठली तार कुठे ते सांगतो.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी अण्णांनी त्या मशीनमधली टोकनची पेटी उघडली. किल्ली रात्रभर त्यांच्याच कमरेला होती. आत एक दात होता. मुळाशी रक्त अजून ओलं.

नागेंद्रचे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत. मी स्वतः बघितलेत.