मांडवपरतण्याचे गुलाब

मे महिना सरत आला तरी गणूअण्णा साळव्यांच्या घरात उतरवून ठेवलेला एकही आंबा पिकला नव्हता. अण्णांनी अढी, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेली आंब्यांची रास, पुन्हापुन्हा उसकटून पाहिली. फळं उतरवली त्या दिवसाइतकीच हिरवी आणि कडक. अण्णांनी यंदा आंबे कोवळेच उतरवले, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. सारी हयात आंब्याच्या कलमांत घालवलेला माणूस, पण हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं.

हे शेजारच्या मृदुलाच्या कानावर आलं. चूक कुणाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या भाचीचं, ईशानीचं, लग्न याच महिन्यात मृदुलाच्या अंगणात झालं. पोरीचा हट्ट असा, की सजावटवाला नको, गुलाबांची कमान आम्ही मैत्रिणीच करणार. पण मेच्या उकाड्यात तोडलेला गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो. मृदुला वनस्पतिशास्त्रज्ञ. फुलं टिकवणारा, पण चाचण्या अपुऱ्या असलेला 'थोपक' तिने प्रयोगशाळेतून थर्मासमध्ये गुपचूप आणला आणि फुलांच्या बादल्यांत ओतला. भाचीच्या कौतुकापुढे अक्कल गहाण पडली, दुसरं काय!

आता अण्णांच्या पडवीत बसून तिने विचारलं, "अण्णा, अढीत एक आंबा पिकला की शेजारचे भराभर का पिकतात?"

"त्याचा वास लागतो. हे काय विचारणं झालं?"

"तो वास म्हणजे एक वायू, इथिलीन. पिकणारं फळ तो सोडतं, शेजारच्या फळाला तो निरोप पोचतो आणि तेही पिकतं. तोडलेला गुलाब त्याच निरोपाने कोमेजतो. मी आणलेला थोपक हा एक सूक्ष्म जीव आहे. देठात राहून तो हवेत असं काही सोडतो, की निरोप पोचतच नाही."

"म्हणजे फूल बहिरं होतं."

"फूल होतं. आणि त्या खोलीतलं फळसुद्धा."

अण्णांनी माजघराकडे पाहिलं. मांडवपरतण्याला, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा, ईशानीने शेजारणींना ओंजळी भरभरून गुलाब दिले होते. त्यातले अण्णांच्या घरच्या वाट्याचे अढीजवळच्या कोनाड्यात, तांब्यात टवटवीत उभे होते.

"मग मी आंबे कोवळे नव्हते उतरवले?" अण्णांचा चेहरा उजळला. "बरं झालं गो सांगितलंस!"

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मृदुलाला बरं वाटलं असतं. तिला मान वर करवेना.

"ही फुलं जाळायला हवीत. थोपक पाण्यातही वाढतो."

"पाण्यात?" अण्णा थबकले. "तांब्यातलं पाणी मी रोज कलमांच्या बुडात ओततोय. या दिवसांत पाणी फुकट कोण घालवतो?"

"ओतलंत?"

"मग पुढच्या वर्षीच्या आंब्यांचं काय?" अण्णांनी विचारलं.

"ठाऊक नाही, अण्णा. ते मी तपासलंच नव्हतं."

दोघं पोतं घेऊन घरोघर निघाली. पण बहुतेक कोनाडे रिकामे निघाले. एकीने आपले गुलाब जळगावच्या लेकीकडे पाठवले होते, तिच्या दारातच केळीच्या बागा. दुसरीची नणंद नाशिकला निघाली होती, तिने द्राक्षबागेतल्या घरी नेले. पुजारीणबाईंनी तर देवळात येईल त्या बाईच्या हातात एकेक फूल ठेवलं होतं.

"इतकी जुनी फुलं जपून ठेवलीत तरी कशाला?" मृदुला कळवळून म्हणाली.

"टाकवेनात गो," पुजारीणबाई म्हणाल्या. "सुकली असती तर केव्हाच निर्माल्यात गेली असती. असं ताजं फूल कुणाला टाकवतं?"

अण्णांनी पोत्याचं तोंड बांधलं. मृदुलाने मोबाइल काढला. फोन आधी जळगावला करावा की नाशिकला, हे तिला ठरवता येईना.