नमद्याचे हत्ती, नेपाळची वाट

"बाई, हा उंदीर हाय का?"

मी दचकून वर पाहिलं. बसच्या दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. खांद्यावर तेलकट फडकं, हातात पत्र्याचा डबा... आणि डोळे माझ्या मांडीवरच्या लोकरीच्या गोळ्यावर.

"हत्ती आहे," मी म्हटलं.

"मंग सोंड कुठंय त्याची?"

"यायची आहे अजून. पाणी गार झालं."

"गार पाण्यात सोंड येत न्हाई व्हय?" तो हसला, आणि मला वाटलं, थट्टा संपली, आता जाईल. पण तो पुढे गेला, बोनेट उघडलं, रेडिएटरचा खालचा कॉक सोडून डबा भरला आणि वाफाळतं पाणी माझ्या पायाशी आणून ठेवलं. "इंजिनाचं हाय. मानसाला देऊ नका. हत्तीला चालंल."

नागपूर मागे पडलं होतं. ढाब्यावर आमची बस थांबली होती आणि सगळे चहाला उतरले होते. १९७७ चा मे महिना. जालन्याहून आम्ही पस्तीस जण निघालो होतो, बहुतेक शिक्षक आणि त्यांच्या घरची माणसं. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, आणि पौर्णिमेला लुंबिनी. ते नेपाळात, म्हणजे परदेश! त्यापुढे पोखरा, काठमांडू बघून परत. माझी आई, कांताबाई, तर गावात सगळ्यांना सांगून आली होती, "आमी फारीनला चाललो."

माझे वडील टांगा हाकायचे. ते गेल्यावर माझं अर्धं लहानपण रहमतुल्ला चाचांच्या दुकानात गेलं. चाचा टांग्याच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. खोगिराखाली लोकरीचा जाड नमदा लागतो. तो विणत नाहीत, शिवत नाहीत. गरम पाणी, साबण, आणि तळहातांनी घासत राहायचं. लोकर आपली आपण एकमेकीत गुंतून घट्ट होते. चाचांच्या उरलेल्या लोकरीचे मी ससे करायची, घोडे करायची. शाळेत नोकरी लागली तरी ती हौस गेली नाही. या प्रवासात पिशवीभर जनावरं बरोबर घेतली होती. वाटेत लेकरं भेटतील, त्यांना द्यायला.

त्याचं नाव संपत बोर्डे. शहागडचा. एरवी ट्रक चालवायचा. "बसचा दुसरा ड्रायव्हर आजारी पडला म्हनून आल्तो," असं त्यानं सांगितलं.

त्यानंतर बस जिथे थांबेल तिथे माझ्या पायाशी गरम पाण्याचा डबा यायचा. त्या पाण्यात गंज असायचा. माझे पांढरे ससे पिवळट होऊ लागले.

"हे काय करून राह्यल्या बाई? सशाला कावीळ झाली!"

"तुमच्या इंजिनाला झाली आहे. सशाचा काय दोष?"

"इंजिनाला न्हाई, ड्रायव्हरला झाली." आणि मग हळूच, दुसरीकडे बघत, "...परवापासून."

माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रभावतीबाई, आमच्याच शाळेतल्या, कोपराने मला ढोसायच्या. "सत्यशीला, पाणी फारच गरम येतंय गं तुला!" मी मान खाली घालून लोकर घासत राहायची. सव्वीस वर्षांची होते मी. मान खाली घालायची सवय होती, पण गालातल्या गालात हसायची नव्हती.

एक गोष्ट मात्र तो सारखी विचारायचा. मी संध्याकाळचं जेवत नव्हते. सगळे ताटावर बसले की मी बसमध्ये थांबायची. तो खिडकीशी यायचा.

"उपास कशाचा?"

"नियम आहे माझा."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

"का?"

मी लोकर घासू लागायची. तो खूप वेळ माझ्याकडे बघायचा... आणि त्या बघण्यात कधीकधी असं काही असायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. मी समजायची, हीच ती ओढ.

सारनाथला एका रडणाऱ्या पोराला मी नमद्याचा घोडा दिला. पोर खुदकन हसलं. संपत बाजूलाच होता. त्यानं एकदम तोंड फिरवलं आणि टायरवर लाथ मारून हवा बघू लागला. हवा त्यानं नुकतीच बघितली होती.

लुंबिनीला पोचलो तेव्हा वैशाखाची पौर्णिमा होती. पांढऱ्या साडीत मी पहाटेच अष्टशील, पौर्णिमेच्या दिवसापुरतं आठ नियमांचं व्रत, घेतलं. दुपारी अशोकाच्या खांबापाशी वंदना झाली. पुढे पुष्करणीच्या काठी, झाडाच्या सावलीत मी एकटी बसले होते. संपत आला. आज हातात डबा नव्हता.

"बाई, एक इचारायचं व्हतं."

"विचारा."

"घरी म्हातारा बाप हाय. वय अठ्ठावीस, लगीन झालेलं न्हाई माझं. आन्..." तो थांबला. पाण्यात एक काडी तरंगत होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "आन् लेकरू व्हनार न्हाई मला. डिसेंबरात हायवेवर ट्रक अडवला. कागदं बघायची म्हनले. मंग जीपमंधी घातलं. दोन दिवसांनी सोडलं." त्याचा आवाज सपाट झाला होता. "काय केलं ते समजलं असंल तुमाला."

समजलं होतं. आणीबाणीतलं ते साल कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"असल्या मानसासंगं लगीन कराल का?"

डिसेंबर, हायवे, ड्रायव्हर...

"आज पौर्णिमा आहे," मी कशीबशी म्हटलं. "अष्टशील आहे माझं. आज हा विषय नको. उद्या सांगते."

"बराबर," तो म्हणाला. "उद्या." आणि गेला. ती चाल प्रेमात पडलेल्या माणसाची नव्हती. पण मला तेव्हा कुठलं दिसायला?

जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते असं. त्या साली आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचा हुकूम होता. प्रत्येकी एक तरी. केस नाही तर पगार नाही. मी दारोदार फिरले. माझ्यानं कुणाला म्हणवेना. शेवटी डिसेंबरात एक माणूस शाळेत कागद घेऊन आला. "बाई, तुमचं काम आम्ही केलं. प्रेरक म्हणून सही करा." मी नाव वाचलं नाही. मुद्दाम वाचलं नाही. 'ड्रायव्हर' आणि 'अपत्ये तीन' एवढंच डोळ्यांना दिसलं, आणि मी सही केली. ज्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं, त्याला मी समजावलं, असं लिहून दिलं. त्या संध्याकाळी घास गिळेना. तेव्हापासून ते जेवण सुटलं. रोज सकाळी मात्र मी पंचशील म्हणत होते, त्यातलं चौथंसुद्धा, खोटं न बोलण्याचं.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून पोखऱ्याला आलो. फेवा तलावावर ढग उतरले होते, झिमझिम चालू होती. सगळी माणसं नावेत बसायला गेली. आईनं सरहद्दीजवळच्या भैरहव्याच्या बाजारात घेतलेली नवी जपानी छत्री उघडली आणि दोन्ही हातांनी धरून नावेत बसली. मी काठावरच राहिले.

संपत आला. डबा माझ्यापुढे ठेवला. वाफ आमच्या दोघांच्या मधे वर जात होती.

"सांगा," तो म्हणाला.

"आधी माझं एक ऐका. मग तुमचं तुम्ही ठरवा." आणि मी सगळं सांगितलं. एक शब्द वगळला नाही. "तो माणूस तुम्ही असाल, नसाल. मी नाव वाचलंच नव्हतं. नसाल, तर कुणी दुसरा आहे. त्याचंही असंच झालं असेल. हे लपवून मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही."

पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. मग त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"दुसरा कुनी न्हाई," तो म्हणाला. "मीच हाय."

तळ्यावरून नावाड्याची हाक आली. मला ती फार लांबून आल्यासारखी वाटली.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"ड्रायव्हर आजारी-बिजारी कुनी पडलं न्हवतं. मालकाकडं सहलीची यादी पाह्यली. कागदावरचंच नाव, गावबी तेच. हातापाया पडून ही जागा घेतली. दवाखान्यातून मागून आनलेला हा कागद पाच म्हयने खिशात घेऊन फिरलो, बाई. लुंबिनीला सगळ्यांसमोर वाचनार व्हतो. मंग तिथं इचार केला, आधी मागनी घालावी. तुमी हो म्हनला का मंग कागद काढावा... म्हंजी बराबर लागंल."

"म्हणजे मागणी खोटी होती."

"व्हती."

"आणि पाणी?"

त्यानं डबा पायानं थोडा बाजूला सरकवला. "पहिल्या दिवशीचं खोटं व्हतं," तो म्हणाला. "मंगचं... मला न्हाई सांगता येत. तुमी सांगनार न्हाईत असं धरून चाललो व्हतो. तुमी सांगितलं. आता मला काय बी कळंना."

मी रडले नाही. रडण्याचा हक्क माझा नव्हता.

"तो कागद द्या," मी म्हटलं. "मी वाचते. सगळ्यांसमोर."

"माझी अब्रू जाईल."

"तुमची का? तुम्ही काय केलंत?"

हे त्याला कुणी म्हटलं नसावं. मी हात पुढे केला नाही. न दिलेलं मी घेत नाही, पंचशीलातलं दुसरं तेच सांगतं. शेवटी त्यानं स्वतःच कागद माझ्या हातात ठेवला.

माणसं भिजत, हसत बसमध्ये परतली. संपत स्टेअरिंगवर जाऊन बसला, पाठ आमच्याकडे करून. मी मधल्या वाटेत उभी राहिले. माझा आवाज बारीक. वर्गातसुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पण त्या दिवशी सगळे आपोआप गप्प झाले.

"संपत तातेराव बोर्डे, राहणार शहागड. धंदा ड्रायव्हर. वय बत्तीस. विवाहित. अपत्ये तीन. प्रेरक, कुमारी सत्यशीला मगरे, शिक्षिका, जालना." मी कागद खाली केला. "वय खोटं आहे. लग्न खोटं आहे. लेकरं खोटी आहेत. सही तेवढी खरी. ती माझी आहे."

टपावर पाऊस वाजत होता. पस्तीस माणसं, त्यात निम्मे शिक्षक. कुणी वर बघेना. मागून प्रभावतीबाईंचा आवाज आला, फाटलेला. "माझ्या दोन आहेत. मीपण नावं वाचली नव्हती." कुणीतरी हुंदका दाबला. एक गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले, बाहेर तर धुक्याशिवाय काहीच नव्हतं.

"अजून एक," मी म्हटलं. "यांनी मला मागणी घातली. ती खरी नव्हती, हे त्यांनीच सांगितलं. माझं उत्तर मात्र खरं आहे. हो. त्यांना नको असेल तर त्यांनी तसं सांगावं. मी काही म्हणणार नाही."

संपतची पाठ हलली नाही. पण माझी आई उठली. तिच्या छत्रीतून पाणी टिपकत होतं.

"सत्तू," ती म्हणाली, "मला नातवंड पायजे व्हतं गं." आणि मटकन खाली बसून लहान पोरीसारखी रडू लागली. "तेवढंच मागत व्हते मी. दुसरं काय मागितलं व्हतं कुनाला?"

मी तिच्याजवळ जाऊ शकले नाही. काय सांगणार होते?

तेव्हा संपत उठला. सीटवरून खाली उतरून, बाकांच्या मधून येऊन, माझ्या आईच्या पायाशी वाकून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आई," तो म्हणाला, "मला शिव्या द्या. पायजे तेवढ्या द्या. पर हिला काय म्हनू नका. हिला म्हनलेलं मला आता... सोसनार न्हाई."

मी बाकाची दांडी घट्ट धरली.

आईनं पदरानं नाक पुसलं. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे.

"शिव्या द्यायला माझं सगळं म्हातारपन पडलंय," ती म्हणाली. "आधी गाडी चालव. काठमांडू ऱ्हायलंय."