आधीच लिहिलेलं पान

टेस्टच्या कोडमधला बदल नामंजूर झाला, तर थोरलीचा फायदा उघड होता. 'हिच्या होकाराशिवाय इथे काही पुढे सरकत नाही' हे आठ वर्षं कमावलेलं वजन शाबूत राहणार होतं. मंजूर झाला, तर ऑफिसच्या सगळ्या मजल्याला कळणार होतं की आठ वर्षं तिची टेस्ट भलतंच काहीतरी मोजत होती. आणि हे दाखवून देणारी कोण, तर तिचीच धाकटी जाऊ. शत्रू परवडला, शत्रूबरोबर संध्याकाळी एका ओट्याशी उभं राहून भाजी तरी चिरावी लागत नाही.

दोघी एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. धाकटीची शिफारस थोरलीनेच केलेली. पायावर धोंडा मारून घ्यायचा तर आपल्याच हाताने, असा तिचा स्वभाव. हल्ली सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची थोरलीसुद्धा हुशार आहे हो." ते 'सुद्धा' थोरलीच्या घशात दोन वर्षं अडकलं होतं.

काम होतं व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरचं. त्याला मेमरी किती चटकन मिळते, हे थोरलीची टेस्ट मोजत असे; त्या फाइलच्या माथ्यावर राखणदार म्हणून तिचंच नाव होतं. मेमरीची लाखभर पानं, म्हणजे सारख्या मापाचे तुकडे, ती एकामागून एक वाचायची आणि लागलेला वेळ सांगायची. चूक एवढीच, की ज्या पानावर कधी काही लिहिलंच नाही, ते वाचायला मागितलं तर सिस्टिम खरं पान देतच नाही. सगळ्यांना एकच सामाईक कोरं पान दाखवून बोळवण करते. लाख पानं मोजल्याचा जो आकडा थोरली मिरवत होती, तो एकाच पानावरून लाख वेळा डोळे फिरवल्याचा होता. धाकटीच्या बदलात आधी प्रत्येक पानावर काहीतरी लिहायचं, मग मोजायचं. शिवाय एक पहारा: सुरुवातीलाच बघायचं की आधीपासून लिहिलेली पानं किती. उत्तर शून्यच यायला हवं.

थोरलीने बदल तपासायचा रिव्ह्यू उघडला आणि कंबर कसली. एका नावाचं स्पेलिंग आखूड आहे. एका ओळीपुढे जागा जास्त सुटली आहे. दर आक्षेपाखाली धाकटीचं एकच उत्तर येई, "बरोबर ताई, दुरुस्त केलं." भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग थोरलीने ती टेस्ट स्वतःच्या मशीनवर चालवली. पहाऱ्याचं उत्तर आलं: एक.

तिला मुंगीला गूळ सापडल्यासारखं झालं. उठून ती धाकटीच्या टेबलापाशी गेली.

"तुझा पहारा झोपलाय गं. कोऱ्या मशीनमध्ये लिहिलेलं पान दाखवतोय."

"माझ्याकडे तर शून्य येतंय, ताई."

"म्हणजे माझं मशीन खोटं बोलतंय?"

"तसं नाही हो. बसू का तुमच्या जागेवर?"

मागून साहेब हसले. "जावाजावांनी घरचं घरी मिटवा बुवा. मला शुक्रवारपर्यंत निकाल द्या म्हणजे झालं."

धाकटी थोरलीच्या खुर्चीत बसली. टेस्ट चालवली. शून्य. पुन्हा चालवली. शून्य. ती उठली, थोरली बसली. दोन.

"गंमतच आहे," धाकटी म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली.

थोरली इंजिनिअर होती, गमतीवर तिचा विश्वास नव्हता. तिने त्या पानांत काय आहे ते स्क्रीनवर काढलं. कचरा असेल, जुन्या प्रोग्रामची उष्टी असतील, अशी तिची अटकळ. पहिल्या पानावर मोजकी अक्षरं होती: 'चाळिसाव्या ओळीतली मर्यादा कशावरून ठरवली? आधार द्या.'

हा आक्षेप तिला सकाळी लिफ्टमध्ये सुचला होता. जेवणानंतर टाकू, असं म्हणून तिने तो मनातच ठेवला होता.

दुसऱ्या पानावर होता त्याच्या पुढचा. तो अजून तिचा तिलाच नीट सुचला नव्हता. वाचल्यावर मात्र पटला.

तिने नेटवर्कची वायर उपटली. व्हर्च्युअल मशीन बंद केलं, पुसलं, नवं उभं केलं, पुन्हा टेस्ट चालवली. तीन.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचली तेव्हा ते तिन्ही आक्षेप रिव्ह्यूवर लागलेले होते. तिच्या नावाने. वेळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. तेव्हा ती घरी केस विंचरत होती. खाली धाकटीची उत्तरं: "बरोबर ताई, आधार जोडला."

तिने पासवर्ड बदलला. कोणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मनात काय काय होतं ते आधी कबूल करायला हवं. शिवाय मजल्यावर वाहवा चालली होती. "ताई, काय बारीक नजर आहे हो तुमची!" साहेब जाता जाता म्हणाले. तिने ती वाहवा ठेवून घेतली. फुकटची होती, नाही कशाला म्हणा.

बुधवारी सात पानं. गुरुवारी एकोणीस. आक्षेप चोख होते, थोडक्यात होते, एक शब्द वावगा नव्हता. तिच्या स्वतःच्या आक्षेपांपेक्षा चांगले होते. वाचता वाचता थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा धाकटी सोडून दुसऱ्याच कोणाचा तरी हेवा वाटला.

कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी तिने ठरवलं. त्या पानांवर सगळं होतं, फक्त होकार नव्हता. तोच द्यायचा, म्हणजे हे लिहिणं थांबेल. जाऊ दे ते वजन.

तिने लिहिलं, "छान काम. मंजूर."

बटण दाबलं. मग टेस्ट चालवली.

शून्य.

तिने श्वास सोडला. स्वतःच जाऊन सांगावं म्हणून उठली. धाकटीच्या मागे जाऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवायला उचलला. धाकटी काहीतरी टाइप करत होती.

"आता काय लिहितेस? मंजूर केलंय मी."

धाकटीने मान वर केली नाही. तिच्या स्क्रीनवर थोरलीचा होकार होता. छान काम. मंजूर. आणि त्याला जोडून एक वाक्य, जे थोरलीने लिहिलं नव्हतं:

'फाइलच्या माथ्यावर राखणदार म्हणून जे नाव आहे, त्या ओळीचा आता उपयोग नाही. काढावी.'

"अगं, हे मी नाही लिहिलं. मी इथे उभी आहे."

"बरोबर ताई, काढली," धाकटी हसून म्हणाली.

म्हणाली ती पलीकडे, थोरलीच्या टेबलाकडे बघून.

थोरलीने वळून पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. कीबोर्ड चालल्याचा आवाज मात्र येत होता, हलका, एकसारखा.

साहेबांनी आपल्या जागेवरून बदल पुढे धाडला. नेहमीप्रमाणे सिस्टिमने खाली हिशेब मांडला: वाढलेल्या ओळी दोनशे चौदा. वजा झालेली ओळ एक.